आमच्याकडे डिस्क बसते

आमच्या इमारतीत तिघांकडे गणपती बसतो, दोघांकडे गौरी बसतात आणि तळमजल्यावरच्या काकूंकडे नवरात्रात घट बसतात. आमच्याकडे यातलं काहीच बसत नाही, कारण आमचा गणपती मोठ्या भावाकडे, गावी. आमच्याकडे डिस्क बसते. रोज बसते. संगणकाचं बटण दाबलं की आपली आपण येऊन जागेवर बसते, कोणाला हात लावावा लागत नाही. हे एवढं वाक्य लिहिण्याची पात्रता यायला मला एकोणीस दिवस लागले.

तसं ‘बसणे’ हे क्रियापद मराठी माणसाने जपूनच वापरावं. गणपती बसतो तेव्हा बरं वाटतं. पण घसाही बसतो, धंदाही बसतो, टायरही बसतो आणि पावसाळ्यात जुनी भिंतही बसते. त्या एकोणीस दिवसांत आमची डिस्क बहुतेक सगळ्या अर्थांनी बसून झाली.

सुरुवात भाऊबीजेला झाली. आमचा संगणक २०१३ सालचा. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटींत आमचं यंत्र काही बसेना. त्याला टीपीएम २.० म्हणून एक चिप लागते. बायको म्हणाली, “एवढंच ना, मग बाजारातून आणून लावा की.” यावर भाचा हसला. भाचा बंगळुरूला याच धंद्यात आहे. आईबरोबर ओवाळणीला म्हणून आला होता. ताटातलं निरांजन अजून विझलं नव्हतं, तोवर त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढून संगणकाला लावलादेखील. “मामा, तुला लिनक्स देतो. फुकट आहे.” ‘फुकट’ या शब्दापुढे आमच्या घराण्यात कोणी टिकलेलं नाही.

लिनक्सचेही शेकडो प्रकार. त्यातलं त्याने मिंट निवडलं. मिंटवाले आपल्या प्रत्येक आवृत्तीला मुलीचं नाव देतात. २००६ साली पहिली आली ती एडा, २२ क्रमांकाची विल्मा. आमच्याकडे आली ती २२.२, आणि तिचं नाव झारा.

“झारा कशाला आता?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “दोन आहेत आपल्याकडे. त्यातला एक बुंदीचा.”

झारा उत्तम निघाली. २०१३ सालचा संगणक म्हाताऱ्याने दात बसवून घ्यावेत तसा पुन्हा कडक खाऊ लागला. भाचा बंगळुरूला परत गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता रोजचे अभंग लागले नाहीत.

आमच्या संगणकात दोन डिस्क आहेत. एक नवी, २४० जीबीची एसएसडी, जिच्यावर झारा राहते. दुसरी जुनी, गरगर फिरणारी, १ टीबीची. तिच्यात बारा वर्षांचे फोटो, बायकोचे अभंग, आणि विजेची सगळी बिलं स्कॅन करून ठेवलेली. ती बिलं कोणी मागितली नाहीत, पण माझा स्वभाव. या १ टीबीचं मोजमाप लिनक्सची एक आज्ञा ९३१.५ जीबी दाखवते. मी आधी दुकानदारावर संशय घेतला. खरं म्हणजे डिस्क बनवणारे हजार म्हणजे १००० धरतात आणि लिनक्सची ती आज्ञा हजाराच्या जागी १०२४ धरते. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण मापट्याच्या बाबतीत दोघं बरोबर असले की घाटा नेहमी गिऱ्हाइकाचा, हे आमचे आजोबा सांगायचे.

तर अभंग या दुसऱ्या डिस्कवर, आणि सकाळी ती डिस्क जागेवरच नव्हती. होती, म्हणजे पेटीत होती, फिरत होती, पण बसली नव्हती.

हे ‘बसणं’ समजायला मला दोन दिवस गेले. विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला आपलं दार असतं: सी, डी, ई. चाळीतल्या खोल्यांसारखं. लिनक्स म्हणजे वाडा. दिंडीदरवाजा एकच, त्याला ‘रूट’ म्हणतात, आणि तो लिहायचा नुसता एका तिरक्या रेघेने. पुढे चौक, ओसरी, माजघर, सगळं त्या एका दरवाजाच्या आत. बाहेरून दुसरी डिस्क आली तर तिला वेगळं दार मिळत नाही. वाड्यातलंच एखादं रिकामं फोल्डर झाडून-पुसून तिच्यासाठी ठेवायचं आणि त्यावर तिला बसवायचं. यालाच माउंट करणं म्हणतात. गणपतीला चौरंग लागतो तसं. चौरंग मांडला नाही तर मूर्ती टेम्पोत कागदात गुंडाळलेलीच राहते. ती मूर्ती असते यात शंका नाही. पण आरती कोणासमोर करणार?

फाइलींच्या खिडकीत जाऊन डिस्कच्या चित्रावर दोन टिचक्या मारल्या की झारा तात्पुरता चौरंग मांडते आणि डिस्क बसते. बायकोने पहिल्याच दिवशी हे शोधून काढलं. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ती येऊन दोन टिचक्या मारायची, अभंग सुरू व्हायचे, आणि तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. रोज दोन टिचक्या म्हणजे वर्षाला सातशे तीस. एवढे कष्ट बायकोने का करावेत? मी भाच्याला फोन लावला.

“आपोआप माउंट करायचंय? सोपं आहे मामा. एक ओळ लिहायची.”

‘एक ओळ’ हे शब्द मी पूर्वीही ऐकले होते. सोसायटीच्या घटनेत एक ओळ घालायची म्हणून बोलावलेली सभा अजून तहकूब आहे.

वरच्या मजल्यावर एक काका राहतात, ऐंशी ओलांडलेले. सत्तरच्या दशकात मुंबईतल्या एका कचेरीच्या संगणक विभागात ऑपरेटर होते. डिस्क माउंट करतोय म्हटल्यावर ते खुर्चीत सरसावून बसले. “अरे, माउंट आम्ही करायचो. तुम्ही करता ते टायपिंग.” त्यांच्या काळी हा शब्द अक्षरशः खरा होता. १९६२ साली आयबीएमने १३११ नावाचं यंत्र आणलं, त्यातला तबकड्यांचा गठ्ठा काढता-घालता येत असे. चौदा इंची सहा तबकड्या एकावर एक, वजन दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो, आणि त्यात मावायची वीस लाख अक्षरं. माझ्या मोबाइलमधला पुरणपोळीचा एक फोटो ठेवायला असे निदान दोन गठ्ठे लागले असते. पुढच्या यंत्रांत गठ्ठे मोठे झाले, जड झाले. पडद्यावर निरोप यायचा की अमुक गठ्ठा अमुक यंत्रावर चढवा. मग काका तो मांडणीवरून उचलायचे, केकच्या डब्यावर असतं तसलं झाकण काढायचे, यंत्रावर ठेवून आट्यांवर फिरवून घट्ट बसवायचे. “पाठीचं दुखणं तिथलंच,” काका म्हणाले. त्यांच्या पाठीच्या मानाने माझी एक ओळ म्हणजे खरोखरच काही नव्हतं. असं मला तेव्हा वाटलं.

ती ओळ ज्या फाइलीत लिहायची तिचं नाव एफएसटॅब. ही लिनक्सवाली मंडळी नावं ठेवताना अक्षरांची फार काटकसर करतात. लिनक्सच्या आधीच्या युनिक्सच्या काळी टेलिटाइपवर सेकंदाला दहा अक्षरं उमटायची, तेव्हाची ती सवय असणार. बसवलेली डिस्क उठवण्याच्या आज्ञेतून त्यांनी पहिला ‘एन’ गाळला आणि तिचं ‘युमाउंट’ केलं. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेतसुद्धा ती तशीच आहे. केन थॉम्प्सन हा युनिक्सच्या दोन कर्त्यांपैकी एक. युनिक्स पुन्हा करायला मिळालं तर काय बदलशील, असं विचारल्यावर तो म्हणाला होता म्हणे, की ‘क्रिएट’ या नावाच्या शेवटी गाळलेला ‘ई’ लावीन. युमाउंटच्या ‘एन’बद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. एफएसटॅब त्यानंतरचं, १९८० सालच्या ४.० बीएसडी या युनिक्सच्या प्रकारातून आलेलं. म्हणजे हा तक्ता पंचेचाळीस वर्षांचा. मी तेव्हा चौथीत होतो आणि वहीत उभ्या रेघा मारून असेच रकाने आखत होतो.

एफएसटॅबच्या ओळीत सहा रकाने. भाचा फोनवरून सांगत होता आणि मी लिहून घेत होतो.

पहिला रकाना: कोणाला बसवायचं. इथे डिस्कचं नाव लिहून चालत नाही, कारण लिनक्समध्ये डिस्कला स्थिर नाव नसतं. एसडीए, एसडीबी ही जी नावं दिसतात ती पंगतीतल्या पाटांसारखी. आधी जी सापडली ती एसडीए, नंतरची एसडीबी. आज पहिल्या पाटावर बसलेली उद्या दुसऱ्यावर असू शकते, आणि वाढप्याने पाट बघून जेवण वाढलं तर मधुमेहवाल्याच्या पानात जिलबी. म्हणून डिस्कच्या प्रत्येक विभागाला एक कायमचा क्रमांक दिलेला असतो, त्याला यूयूआयडी म्हणतात. आपला आधार क्रमांक १२ आकडी. लिनक्सच्या घरच्या विभागाचा यूयूआयडी ३२ चिन्हांचा, वर मध्ये चार आडव्या रेघा. माझी जुनी डिस्क विंडोजच्या माहेरची, एनटीएफएस पद्धतीची, म्हणून तिचा क्रमांक सोळाच चिन्हांचा. आकडे शून्य ते नऊ, आणि इंग्रजी मोठी अक्षरं ए ते एफ.

दुसरा रकाना: कुठे बसवायचं. मला चौरंगाचं नाव ‘आमचे फोटो’ ठेवायचं होतं. भाचा म्हणाला, “नको. मध्ये मोकळी जागा आली की तक्त्याला वाटतं रकाना बदलला. मग ‘आमचे’ ही जागा होईल आणि ‘फोटो’ हा डिस्कचा प्रकार.” मोकळी जागा हवीच असेल तर तिच्याऐवजी उलटी तिरकी रेघ आणि ०४० लिहायचं. मोकळ्या जागेचा क्रमांक खरं तर ३२, पण अष्टमान पद्धतीत तो ४० होतो. एका रिकाम्या जागेसाठी एवढं लिहायचं म्हणजे मुंबईतल्या जागांच्या व्यवहारासारखंच झालं. मी नाव ठेवलं ‘खजिना’. एक शब्द, मध्ये हवा नाही.

तिसरा रकाना डिस्कच्या पद्धतीचा. चौथा अटींचा. अटी एकापेक्षा जास्त असल्या तर मध्ये स्वल्पविराम द्यायचा, पण त्यानंतर जागा सोडायची नाही. चाळीस वर्षांपूर्वी बाईंनी छड्या मारून स्वल्पविरामानंतर जागा सोडायला शिकवलं होतं, ते संस्कार असे एका रात्रीत पुसले जात नाहीत. मी तीनदा जागा सोडली आणि तीनदा खोडली.

पाचवा रकाना ‘डंप’ नावाच्या एका जुन्या बॅकअप प्रोग्रामसाठी. तो आता फारसं कोणी वापरत नाही. तरी रकाना आहे, त्यात शून्य लिहायचं. सरकारी अर्जावर ‘पतीचा व्यवसाय’ या रकान्यात माझी अविवाहित आत्या जन्मभर ‘लागू नाही’ लिहीत आली, तसं. सहावा रकाना तपासणीच्या क्रमाचा: मुख्य डिस्कला १, बाकीच्यांना २, ज्यांना तपासायचं नाही त्यांना ०. मला इथेही शून्य. दोन शून्यांशेजारी माझा हात क्षणभर थांबला. दहावीची गुणपत्रिका आठवली.

आता क्रमांक नकलून घ्यायचा. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत तो दिसत होता. मी निवडला आणि सवयीने कंट्रोल-सी दाबलं. तिथे कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नसते, चालू काम बंद करण्याचा हुकूम असतो. कॉपीसाठी शिफ्टही दाबावं लागतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी या यंत्रांवरचा सगळा विश्वास काढून घेतला आणि कालनिर्णयच्या ऑक्टोबरच्या पानामागे, जिथे गॅसचा नंबर लावल्याची तारीख असते तिथे, तो सोळा चिन्हांचा क्रमांक बॉलपेनने लिहून घेतला. मग तिथून बघून फाइलीत टंकला. सेव्ह केलं. आरामखुर्चीत बसून बायकोला म्हटलं, “उद्यापासून तू टिचक्या मारायच्या नाहीस.”

माझं हे म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी टिचकी मारायला पडदाच नव्हता.

मिंटचं हिरवं चिन्ह बराच वेळ दिसत राहिलं. एस्केप दाबल्यावर ते गेलं आणि मागची काळी भिंत दिसली. तिच्यावर एक ओळ, ओळीच्या आधी लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे येरझारा घालतायत, बाळंतिणीच्या खोलीबाहेरच्या बापासारख्या. संगणक कोणाची तरी वाट बघत होता. किती वेळ, तेही त्याने लिहिलं होतं: दीड मिनिट. नव्वद सेकंद ही प्रतीक्षा त्याच्या नियमातच आहे. दहा सेकंद, वीस सेकंद, मिनिट. मी हात जोडले की नाही आठवत नाही, पण चप्पल काढलेली होती. नव्वद सेकंद संपले आणि पडद्यावर आलं की तुम्ही आणीबाणीत आहात. दुरुस्तीसाठी एंटर दाबा, नाहीतर कंट्रोल-डी.

आणीबाणी म्हटलं की आमचे वडील अजून आवाज खाली आणतात. ती १९७५ ची. ही माझी स्वतःची, एका ओळीच्या वटहुकमाने आणलेली.

“अहो,” आतून आवाज आला, “अभंग?”

“आज एकादशी आहे,” मी म्हणालो. नव्हती.

भाच्याला व्हिडिओवर पडदा दाखवला. तो म्हणाला, “क्रमांक चुकलाय. मूळचा कुठे लिहिलायस?” मी कालनिर्णयचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. तो बराच वेळ बघत राहिला. “मामा, हे सातवं अक्षर बी आहे की आठ?” मी चष्मा पुसून पाहिलं. माझ्या हस्ताक्षरात ते दोन्ही होतं. डिस्कच्या अंगावर मात्र ते एकच काहीतरी होतं, आणि मी टंकलं ते दुसरं. या नावाची डिस्क जगात कुठे असेल तर असो, आमच्या डोंबिवलीत नव्हती. तिची वाट बघत आमचा संगणक उभा राहिला होता.

“पण मी म्हणतो,” मी जरा चिडून म्हणालो, “फोटोंची डिस्क नाही आली तर नाही आली. लिनक्स तर दुसऱ्या डिस्कवर आहे ना? त्याने आपलं सुरू व्हावं. हा काय आडमुठेपणा?”

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “ताईचं लग्न आठवतंय?”

आठवत होतं. भाचीचं लग्न ठाण्याला, रविवारी, मुहूर्त बारा सत्तावीसचा. मुलीला मंडपात आणायचं ते मामाने. मामा म्हणजे मी. आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो हे डोंबिवलीत जन्म काढलेल्या माणसाने विसरावं, हे त्या दिवशीचं माझं कर्तृत्व. मी डब्यात, गाडी दोन स्थानकांच्या मध्ये. तिकडे नवरा मुलगा अंतरपाटाच्या एका बाजूला उभा, भटजी अक्षता मुठीत धरून थांबलेले, सनईवाल्याचा दम संपलेला, चारशे माणसं भुकेली. लग्न मुलीचं आणि मुलाचं, दोघंही हजर. पण मामा नाही म्हणून सगळं ठप्प.

“तेच झालंय,” भाचा म्हणाला. “एफएसटॅबमध्ये ज्याचं नाव लिहिलं तो आल्याशिवाय लग्न लागत नाही. तू स्वतःच त्याला मामा करून ठेवलंस. त्याच्यापुढे नोफेल लिहायला हवं होतं.”

नोफेल ही चौथ्या रकान्यातली एक अट. अर्थ एवढाच की हा आला तर उत्तम, नाही आला तर थांबायचं नाही. आजवर मला वाटायचं की ही कल्पना आपलीच. आपल्याकडच्या निमंत्रितांपैकी नव्वद टक्के लोक ‘जमलं तर येतो’ म्हणतात आणि आपण त्यांच्या ताटांचा हिशेब त्याच बेताने धरतो. सुताराला सोमवारी बोलावलं तर आपण सोमवारी घरी थांबत नाही. आणि तरी माझ्या हातून ती नेमकी अट राहिली, कारण त्या दिवशी मी यंत्राला माणसापेक्षा भरवशाचं समजलो होतो.

“आणि मामा, ओळ लिहिल्यावर माउंट, आडवी रेघ, ए, एवढं एकदा म्हणून बघायचं होतंस. तक्त्यातलं सगळं बसतंय का, ते चालू संगणकावरच कळतं. रीस्टार्ट करायला लागत नाही.”

“हे कधी सांगणार होतास?”

“मी सांगितलं होतं. तू तेव्हा म्हणालास, मामीने चहा आणलाय.”

एंटर दाबून त्या काळ्या भिंतीवरच नॅनो नावाच्या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली, आठाचा बी केला, अटींच्या रकान्यात स्वल्पविरामानंतर जागा न सोडता नोफेल लिहिलं, आणि रीस्टार्ट केलं. डिस्क बसली. अभंग लागले. दुपारचे पावणेदोन वाजले होते, पण लागले.

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. मधल्या एका दिवशी खजिन्यात फोटो ठेवताना परवानगी नाकारली गेली होती. वास्तविक एनटीएफएसच्या डिस्कला मालक कोण ते अटींच्या रकान्यात लिहायचं असतं, आणि भाच्याने नंतर ते लिहिलंही. पण त्याआधी रागाच्या भरात मी त्या रिकाम्या चौरंगालाच ७७७ ही परवानगी देऊन बसलो होतो. ७७७ म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही काहीही करावं. लिनक्सवर ज्याचं काही चालत नाही तो माणूस शेवटी ७७७ करतो, जसा नाटकात शेवटी कोणीतरी पिस्तूल काढतो. ते पिस्तूल चौरंगावर राहिलं.

मग भाच्याने एक छान सोय करून दिली. मोबाइलमधले फोटो घरच्या वायफायवरून एसएसडीवर येणार आणि रोज रात्री दोन वाजता त्यांची नक्कल खजिन्यात जाणार. नव्या फोटोंचीच नक्कल, जुने असतील तर हात लावायचा नाही. आठ दिवस उत्तम चाललं. नवव्या दिवशी शनिवार होता आणि बायकोने टेबल सरकवून मागची जळमटं काढली.

रविवारी सकाळी अभंग नाहीत. संगणक मात्र झकास सुरू झालेला. नोफेल! मामा आला नाही आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. पेटी उघडली तर जुन्या डिस्कची केबल निसटली होती. दाबली, रीस्टार्ट केलं, डिस्क बसली, अभंग लागले. मी स्वतःवर खूश होऊन पेपर उघडला. दहा मिनिटांनी पडद्यावर सूचना: एसएसडीवर जागा संपली.

कशी संपेल? झारा वीसेक जीबी, फोटो शंभरेक. एकूण क्षमता २२३.६, तीही १०२४ च्या मापाने. मी एकेक फोल्डर उघडून बेरीज केली. बेरीज एकशे वीसच्या वर जाईना. एक आज्ञा म्हणे डिस्क काठोकाठ भरली. दुसरी आज्ञा म्हणे अर्धी रिकामी. शंभर जीबी हवेत. मी बँकेत बत्तीस वर्षं काढली आहेत. रोखीत शंभर रुपयांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत थांबून शोधणारा माणूस मी. इथे कपाट भरलेलं आणि कपाटात काही नाही.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “शनिवारी रात्री दोन वाजता खजिना बसलेला होता का?”

नव्हता. केबल संध्याकाळीच निसटली होती, आणि त्यानंतर मी संगणक एकदा बंद-चालू केला होता. पण चौरंग होता. रिकामा, झाडलेला, आणि माझ्या कृपेने ७७७. दोन वाजता नकलेचं काम उठलं, खजिन्यात गेलं, पाहतं तर एकही फोटो नाही. त्याने मूर्ती आहे की नाही ते बघितलंच नाही. समोर चौरंग दिसला, त्यावर सगळा नैवेद्य मांडायला सुरुवात केली. चौरंग हा वाड्याचाच भाग, म्हणजे ते सगळं एसएसडीवर. सकाळी मी केबल लावली, डिस्क येऊन चौरंगावर बसली, आणि शंभर जीबी नैवेद्य तिच्याखाली दडपला गेला. तिथे होता, जागा खात होता, पण दिसत नव्हता, कारण वर खजिना बसलेला.

“खजिना उठव,” भाचा म्हणाला, “आणि खाली बघ.”

मी युमाउंट म्हणालो. उत्तर आलं, जागा वापरात आहे. मी अभंग बंद केले. जागा वापरात आहे. फोटोंची खिडकी बंद केली. जागा वापरात आहे. बायकोला विचारलं, तू काही उघडलंयस का? ती पोळ्या लाटत होती. तिने लाटण्यानेच उत्तर दिलं. कोण बसलंय तिथे ते दाखवणारी एक आज्ञा आहे. भाच्याने सांगितली, मी टंकली. पडद्यावर एकच नाव आलं. माझं. ज्या टर्मिनलमधून मी खजिना उठवायला सांगत होतो, तो टर्मिनल मी मघाशी खजिन्याच्या आत जाऊन उघडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे नक्की एक लिनक्स असणार.

बाहेर आलो, खजिना उठवला, आणि खाली सगळं होतं. तीच शंभर जीबी, तेच फोटो, पुरणपोळीचाही. ते पुसले. मग भाच्याने एक आज्ञा सांगितली, चॅटर, अधिक, आय. ती त्या रिकाम्या चौरंगावर मारली की मूर्ती नसताना तिथे कोणी फूलसुद्धा ठेवू शकत नाही, प्रत्यक्ष रूट नावाचा सर्वाधिकारी कारभारीसुद्धा नाही. माझं ७७७ तिच्यापुढे चालत नाही. सत्यनारायणाला ज्या चौरंगाला कोणी शिवायचं नाही, तसा तो झाला. त्यावर खजिना पुन्हा बसवला.

एफएसटॅबमध्ये हॅश घालून पुढे काहीही लिहिता येतं. यंत्र ते वाचत नाही, माणसांसाठी असतं. मी माझ्या ओळीच्या वर लिहिलं: ‘सातवं अक्षर बी आहे. आठ नाही.’ त्याखाली दुसरी ओळ भाच्याने मला न सांगता लिहिली, ती मला नंतर दिसली: ‘लग्नाला रविवारी निघताना मेगाब्लॉक बघणे.’

एकोणिसाव्या दिवशी सकाळी वीज गेली आणि पावणेसहाला आली. संगणक आपणहून सुरू होईल अशी सोय भाच्याने आधीच करून ठेवली होती. मी पलंगावर पडून ऐकत होतो. पंखा घुर्रला, जुनी डिस्क खाकरली, नव्वद सेकंद काही लागले नाहीत, आणि बरोबर सहाला माजघरात अभंग सुरू झाले. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. बायको आधणात साखर घालत होती.

“लागले,” मी म्हणालो.

“काय?”

“अभंग. टिचकी न मारता. आपोआप.”

तिने वळून पाहिलं. “मग? विंडोज होतं तेव्हा लागायचेच की रोज,” ती म्हणाली, आणि आल्याचा तुकडा ठेचायला घेतला.